बँकार्ट ऑपरेशननंतर कबड्डीवाल्याचा खांदा: हाताने करायची फिजिओ कधी, किती आणि कोणाकडून?

दारव्हेकर

राजेहो, थोडी मदत पाहिजे. माझा लहान भाऊ कबड्डी खेळतो, उजवा कोपरा. हिवाळ्यात दिग्रसकडच्या एका सामन्यात घोटा पकड करताना चढाईवाला त्याच्या पसरलेल्या हातावर पडला आणि खांदा निखळला. त्याआधीही निसटला होता, तेव्हा मैदानातच कोणीतरी ओढून बसवला अन् पोट्टं परत खेळायला लागलं. या वेळी नागपूरला एमआरआय काढला. लॅब्रम, म्हणजे खांद्याच्या खोबणीची कड, फाटलेलं निघालं. दुर्बिणीतून बँकार्ट, म्हणजे ती कड परत शिवायचं ऑपरेशन, केलं.

आता सहा आठवडे होऊन गेले, झोळी निघाली. हात समोरून खांद्याच्या थोडा वर जातो. बाहेरच्या बाजूला मात्र फिरतच नाही, दार लोटायला गेला की कोपर अंगापासून सुटते. तालुक्याच्या ठिकाणी जिथे दाखवतो तिथे मशीन लावतात, पुली ओढायला सांगतात आणि सोडून देतात. कोणी खांद्याला हात लावून पाहिला नाही. गावातले मालिशवाले बुवा म्हणतात, आत गाठ बसली आहे, माझ्याकडे आणा, फोडून देतो. यवतमाळचा एक ओळखीचा म्हणाला की मॅन्युअल थेरपी, म्हणजे हाताने करायची फिजिओ, येणारा फिजिओ शोधा.

हे नेमकं काय असतं? खरंच फायदा होतो का? दर आठवड्याला नागपूर जमणार नाही, पेरणी तोंडावर आहे. भावाला पोलीस भरतीही द्यायची आहे आणि गोळा उजव्याच हाताने फेकतो.

फिजिओताई_वर्धा

दारव्हेकर दादा, बुवांकडे सध्या अजिबात नेऊ नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी.

आता डिस्चार्ज कार्ड काढा आणि मला सांगा: नुसतं बँकार्ट लिहिलं आहे, की सोबत रेम्पलिसाज असं काही आहे? कुठे लाटार्जे लिहिलं आहे का? आणि हात बाहेर फिरवण्यावर सर्जनने किती अंशांची, किती आठवड्यांची मर्यादा घातली आहे? आत काय शिवलं आहे हे ठाऊक नसेल तर मी स्वतः अशा खांद्याला हात लावत नाही.

कारण सांगते. खांद्याची खोबण फार उथळ असते. तिच्या काठाने लॅब्रम नावाची कूर्चेसारखी कड असते. ती खोबण खोल करते आणि समोरचे बंध तिच्यातच रुजलेले असतात. खांदा पुढे निखळतो तेव्हा ही कड समोरून, खालच्या अंगाने सुटते. बँकार्टमध्ये हाडात छोटे अँकर ठोकून ती परत जागेवर शिवतात. खोबणीचं हाडच झिजलं असेल तर लाटार्जे करतात: शेजारच्या कोराकॉइड हाडाचा तुकडा त्याच्या स्नायूसकट काढून खोबणीसमोर स्क्रूने बसवतात. मग ते हाड जुळेपर्यंत कोपर वाकवून वजन उचलणं बंद. रेम्पलिसाजमध्ये निखळताना बाहूच्या गोळ्याला, म्हणजे दंडाच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाला, मागून पडलेल्या खाचेत खांद्यामागचा इन्फ्रास्पायनेटस स्नायू शिवून टाकतात. बँकार्ट आणि रेम्पलिसाज दोन्हींची बाहेरून दिसणारी भोकं जवळपास सारखीच असतात. आतलं काम वेगळं, म्हणून जपायची दिशाही वेगळी.

आखाडा_अचलपूर

ताई, तुमचं शिक्षण मोठं आहे, मान्य. पण आम्ही लहानपणापासून आखाड्यात तेल-मालिश पाहून राहिलो. मुका मार, लचक, पाठ भरून येणं, सगळं हाताने सुटते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ मध्ये बर्लिनले जाऊन कबड्डी दाखवून आलं, त्या काळी पोट्ट्यांच्या अंगाले उस्तादाचाच हात लागे. तुम्हीबी हातानेच करता ना? मंग बुवाचा हात काहून चालत नाही?

फिजिओताई_वर्धा

काका, प्रश्न अगदी रास्त आहे. धडधाकट अंगाला, थकलेल्या मांड्यांना, भरलेल्या पाठीला उस्तादाचा हात लागला तर माझी काहीच हरकत नाही. जाणत्या हाताला स्नायू कुठे आखडला ते बोटांनीच कळतं, आणि ते मी पुष्कळ उशिरा शिकले.

इथे अडचण अशी की शिवलेली कड हाडाला पुरेशी धरायला साधारण १२ आठवडे लागतात. तोवर टाके आणि अँकरच ती सांभाळून असतात. बुवा 'गाठ फोडतो' म्हणतात तेव्हा ते हात बाजूला उचलून बाहेर पिळणार. खांदा निखळतो तो नेमका त्याच स्थितीत. म्हणजे ज्या दिशेने इजा झाली त्याच दिशेने जोर. कट्‌ आवाज येईल, हात तेवढ्यापुरता जास्त फिरेल, सगळे खूश होतील, आणि टाका सुटला की नाही हे पुढच्या मोसमात पहिल्या डॅशला, म्हणजे चढाईवाल्याला धडक देताना, कळेल. शिवाय काखेच्या मागून ॲक्झिलरी नस जाते. जबरदस्तीत ती ताणली गेली तर दंडाच्या वरच्या भागावर बधिरपणा येतो आणि हात उचलणारा डेल्टॉइड लुळा पडतो.

आमचा हात आणि बुवांचा हात यात जोराचा फरक नाही. कधीकधी आम्हीही पुरेसा जोर लावतो. किती, कोणत्या दिशेने आणि कितव्या आठवड्यात, हे ठरवून लावतो, आणि लावण्याआधी व नंतर मोजतो.

स्मॅश_पुलगाव

मी व्हॉलीबॉल खेळते, माझंही बँकार्ट झालेलं आहे. खेळाडूच्या बाजूने सांगते.

पहिल्या ठिकाणी मलाही नुसतं मशीन लावायचे. मग सावंगीला दाखवलं. तिथल्या मॅडमनी पहिल्या भेटीत बराच वेळ खांद्याला हातच लावला नाही. मान, पाठ, कोपर पाहिलं, मला शर्ट घालून दाखवायला सांगितलं, झोपते कशी ते विचारलं. मग एक हात खांद्याच्या पात्यावर ठेवून पातं वर, खाली, आत, बाहेर असं हलवलं. मला वाटलं याने काय होणार. उठून हात वर केला तर बराच वर गेला, आणि दुखलं कमी.

पण घरी येईपर्यंत परत आखडला. पुढच्या वेळी मी तक्रार केली तर त्या म्हणाल्या, मी मोकळं करून दिलेलं तू दिवसभरात वापरलंस का? त्यानंतर प्रत्येक वेळी टेबलवरून उतरले की लगेच तोच हात तेवढ्याच अंतरात स्वतः फिरवायला लावायच्या, आणि घरी दर थोड्या वेळाने तेच. तेव्हापासून मिळालेलं टिकायला लागलं.

दादा, एसटीने नेत असाल तर प्रवासात झोळी बांधूनच ठेवा, झोळी सुटली असली तरी. ऑपरेशनचा खांदा खिडकीकडे, म्हणजे गर्दीचा धक्का लागत नाही. वरचा दांडा त्या हाताने धरायचाच नाही. ब्रेक लागला की हात आपोआप वर जातो, ते सगळ्यात वाईट.

पीटी_सर_मेहकर

मी शाळेत खेळ शिकवतो. माझा प्रश्न थोडा टोकदार आहे, ताईंनी राग मानू नये. मॅन्युअल थेरपीचा परिणाम तात्पुरता असतो, खरं काम व्यायामच करतो, असं बरेच जण म्हणतात. मग खेड्यातल्या पोराने भाडं खर्चून इतक्या लांब हात लावून घ्यायला कशाला जावं? व्यायाम तर घरीही होतो.

फिजिओताई_वर्धा

सर, राग कसला. आमच्या क्षेत्रातही यावर वाद आहे, आणि तुमच्या बोलण्यातला अर्धा भाग मला मान्य आहे.

नुसत्या हाताने कोणाचाही खांदा खेळण्याजोगा होत नाही. हाताने सांध्यातली 'गाठ' फुटते किंवा हाड 'बसतं' असंही नाही. सांध्याला लयीत हलवलं की तिथून मेंदूकडे जाणारा दुखण्याचा संदेश काही काळ दबतो, स्नायूंची राखण सैल होते, आणि ज्या टप्प्यात खेळाडू घाबरून थांबत होता तिथे तो थोडा पुढे जायला तयार होतो. हा परिणाम काही मिनिटं ते काही तास टिकतो. आमच्या घरी शेती आहे, म्हणून मी पेशंटला सांगते: वापसा आला की पेरायचं. हाताने मी वापसा आणून देते, पेरणी म्हणजे व्यायाम, तो तुझा. वापसा निघून गेल्यावर कितीही राबलं तरी बी उगवत नाही.

मग जावं कशाला? मुख्य म्हणजे तपासायला. हात बाहेर फिरत नाही याची कारणं अनेक असतात. समोरचं आवरण खरंच आखडलं असेल तर शेवटाला चामड्यासारखा ताण लागतो. स्नायू भीतीने धरून ठेवत असेल तर ताण आधीच येतो आणि बोलतं केलं, श्वास सोडायला लावला की सुटतो. कधी खांदा ठीक असतो आणि छातीतला पेक्टोरॅलिस मायनर आखडून पातं पुढे ओढलेलं असतं. कारण पाहून उपाय बदलतो, आणि ते कारण फोनवर कळत नाही, मशीनला तर नाहीच.

हाताचे प्रकारही सांगते, म्हणजे दारव्हेकर दादांना तिथे जाऊन विचारता येईल. ऑस्ट्रेलियाच्या मेटलँड यांच्या पद्धतीत सांधा हलवण्याच्या पायऱ्या आहेत. पहिली आणि दुसरी हलकी असते, ताण लागायच्या अलीकडेच झुलवायचं, सेकंदाला दोन-तीन झोके. ती दुखणं उतरवायला. तिसरी आणि चौथी ताणाच्या आत जाते, आखडलेपणासाठी. पाचवी म्हणजे झटका. शिवलेल्या खांद्याला झटका द्यायचा नाही, ना सहाव्या आठवड्यात, ना साठाव्या. तिसरी-चौथी पायरीही सर्जनचं म्हणणं घेतल्याशिवाय आणि शिवण पुरेशी जुनी झाल्याशिवाय मी वापरत नाही.

दिशा तर त्याहून महत्त्वाची. पुस्तकात लिहिलेलं असतं की हात बाहेर फिरत नसेल तर बाहूचा गोळा पुढे सरकवा. बँकार्टनंतर पुढे सरकवणं म्हणजे नव्या शिवणीवरच दाब. ते टाळायचं. सांध्याला हलकी ओढ देता येते, पातं हलवता येतं, छातीचे आणि मानेचे स्नायू मोकळे करता येतात, पाठीचा वरचा कणा सैल करता येतो. हात पूर्ण वर न्यायला पाठही थोडी मागे वाकावी लागते, आणि झोळीत वाकून बसलेल्या पोरांची पाठ आखडलेलीच असते. गोळा मागे सरकवण्याचा उपायही आहे. गोठलेल्या खांद्याच्या (फ्रोझन शोल्डर) रुग्णांवर २००७ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. त्यात मागे सरकवलेल्या गटाचं बाहेर फिरणं पुढे सरकवलेल्या गटापेक्षा जास्त सुधारलं होतं. ते रुग्ण ऑपरेशनचे नव्हते, म्हणून जसंच्या तसं इथे लावता येणार नाही. पण पुस्तकाच्या नियमाबाहेरही वाट असते हे त्यावरून कळतं.

अस्थिरोग_नागपूर

ऑर्थोचा निवासी डॉक्टर आहे, आमच्या बाजूचं सांगतो. बँकार्टनंतर पहिल्या ४ ते ६ आठवड्यांत बहुतेक सर्जन बाहेर फिरवणं ० ते ३० अंशांच्या आत ठेवायला सांगतात. सहाव्या आठवड्यात हात बाहेर फारसा फिरत नाही, याने मला काळजी वाटत नाही. उलट त्या वेळेला जो खांदा भराभर, पूर्ण फिरतो त्याची जास्त वाटते. संपर्काच्या खेळातला विशीच्या आतबाहेरचा मुलगा म्हणजे पुन्हा निखळण्याचा धोका सगळ्यात जास्त असलेला गट. थोडा घट्ट खांदा त्याला परवडतो, सैल परवडत नाही.

म्हणून माझं मत ताईंपेक्षा थोडं कडक आहे: सहा आठवडे सांध्याला कोणी हात लावू नये.

घाईने दाखवायचं ते कधी हेही लिहून ठेवा. ताप, टाक्यांतून पू किंवा पाणी, खांदा लाल आणि गरम होणं, दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा, बोटांना मुंग्या येऊन पकड ढिली होणं, किंवा अचानक 'निसटल्यासारखं' वाटणं. यातलं काहीही झालं तर फिजिओकडे नाही, सरळ सर्जनकडे.

फिजिओताई_वर्धा

डॉक्टर, सांध्याबद्दल तुमच्याशी वाद नाही. पण पातं, मान, कोपर, मनगट आणि पाठ यांना पहिल्या आठवड्यापासून हात लागायला हवा. हात वर नेताना होणाऱ्या १८० अंशांपैकी साधारण ६० अंश पातं फिरण्यातून येतात. सहा आठवडे पातं पडून राहिलं की मग मुलगा हात उचलताना आधी खांदा कानाकडे उचलतो, आणि ती सवय काढताना माझा आणि त्याचा दोघांचाही जीव मेटाकुटीला येतो. सांध्याला न छेडता हे करता येतं, पेशंटला कुशीवर निजवून, हात उशीवर ठेवून. जखम पूर्ण भरल्यावर भोकांभोवतीची कातडी बोटांनी सरकवायची, तेही घरीच शिकून घेता येतं.

अस्थिरोग_नागपूर

पातं आणि पाठ मान्य. आमच्या डिस्चार्ज कार्डावर एवढं सविस्तर लिहिलेलं नसतं, ते लिहायला हवं हेही मान्य.

दारव्हेकर

सगळ्यांचे आभार. ऊन उतरल्यावर कार्ड शोधलं. त्यावर इंग्रजीत लिहिलं आहे: दुर्बिणीतून बँकार्ट दुरुस्ती, तीन अँकर, सोबत रेम्पलिसाज, एक अँकर. बाहेर फिरवणं सहा आठवडे शून्य अंश आणि नंतर 'सहन होईल तसं'. हे मी तालुक्याच्या फिजिओला दाखवलंच नव्हतं आणि त्यांनी मागितलंही नव्हतं.

भाऊ एक गोष्ट करतो ती बरोबर का चूक ते सांगा. यूट्यूबवर पाहून तो रोज दुखऱ्या हाताचं कोपर दुसऱ्या हाताने छातीवरून आडवं ओढतो, आणि कुशीवर झोपून मनगट खाली दाबतो. म्हणतो याने मागचं मोकळं होतं.

फिजिओताई_वर्धा

दादा, बरं झालं विचारलंत. ते दोन्ही आजपासून बंद. रेम्पलिसाज आहे म्हणजे मागचा स्नायू गोळ्याच्या खाचेत शिवला आहे, आणि छातीवरून आडवं ओढणं, मनगट दाबणं हे दोन्ही ताण थेट त्या शिवणीवर येतात. दुसऱ्या कोणाला ते व्यायाम योग्य असतीलही, तुमच्या भावाला आत्ता नाहीत. हात बाहेर ढकलून जोर लावायचा व्यायाम, म्हणजे सायकलची ट्यूब ओढणं वगैरे, तोही सर्जन हो म्हणेपर्यंत नाही.

वर मी गोळा मागे सरकवण्याबद्दल लिहिलं, तेही याच्या खांद्यात सध्या नको. समोर शिवण, मागेही शिवण. आता उरलं ते पातं, पाठ, छातीचे स्नायू आणि सांध्याला अगदी हलकी ओढ, पहिल्या-दुसऱ्या पायरीची.

आणखी एक, म्हणजे मन शांत राहील. रेम्पलिसाजनंतर बाहेर फिरणं थोडं कमी राहू शकतं, कायमचंही. तो त्या ऑपरेशनचा भाग आहे, बिघाड नाही. कोपऱ्यात खेळणाऱ्याला त्याने फारसं अडत नाही. भालाफेकवाला असता तर मी वेगळं बोलले असते.

घरी हे चालेल, आणि तेवढंच: टेबलावर ओला फडका ठेवून त्यावर हात पुढे सरकवणं. उताणं निजून, कोपराखाली घडी घातलेली गोधडी, दोन्ही हातांत काठी धरून चांगल्या हाताने दुखरा हात बाहेर लोटणं, कोपर अंगाला चिकटलेलं, जिथे ताण लागेल तिथे थांबायचं, ढकलायचं नाही. पाती मागे-खाली ओढून धरणं. दिवसातून थोडं थोडं पुष्कळदा, एकदम खूप नाही. व्यायामानंतरचं दुखणं तासाभरात उतरलं तर मात्रा बरोबर. रात्री झोप मोडली किंवा सकाळी आदल्या दिवसापेक्षा कमी हलला, तर जास्त झालं.

पुली सध्या काढून ठेवा. वर ओढताना तो खांदा कानाकडे उचलून चोरी करत असणार.

पीटी_सर_मेहकर

ताई, माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. आता प्रशिक्षक म्हणून विचारतो. 'दुखत नाही' म्हटलं की आम्ही पोरांना मॅटवर सोडतो. प्रत्यक्षात कधी सोडावं?

अस्थिरोग_नागपूर

सर, संपर्काच्या खेळात ६ महिन्यांआधी नाही, आणि ६ महिने झाले म्हणून लगेच असंही नाही. हात बाजूला उचलून बाहेर फिरवल्यावर 'आता निसटेल' अशी भीती वाटता कामा नये. ताकद दुसऱ्या हाताच्या निदान ९० टक्के हवी.

फिजिओताई_वर्धा

त्यात मैदानावर करता येईल अशी एक चाचणी घाला, खर्च काही नाही. जमिनीवर दोन चिकटपट्ट्या ९१ सेंटिमीटर अंतरावर लावा. पोराने दोन पट्ट्यांवर हात ठेवून दंड मारायच्या स्थितीत राहायचं, आणि १५ सेकंद एका हाताने दुसऱ्या हाताच्या पट्टीला शिवून परत यायचं, आळीपाळीने. साधारण २१ वेळा शिवता आलं पाहिजे. आकडा गाठला तरी शिवताना पातं पंखासारखं उचलतं का, अंग एका बाजूला कलतं का, ते मागे उभं राहून पाहा. पास झाला की आधी एकट्याने पडण्याचा सराव, मग हळू चढाईवर साखळी, मग घोटा पकड, आणि डॅश सगळ्यात शेवटी. हात लांब पसरून मागून पकड करायची सवय त्याची याच काळात मोडा, तीच खांदा काढते.

तोवर त्याला बसवून ठेवू नका. पाय, पोट, कंबर, सायकल, सगळं चालू ठेवता येतं. अचलपूरच्या काकांसारखा उस्ताद जवळ असेल तर पायांना मालिश खुशाल करून घ्या.

आखाडा_अचलपूर

ताई, समजलं. मागे-पुढे दोन्हीकडे शिवलं असन हे बुवाले कसं कळन, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. दारव्ह्याच्या पोट्ट्याले पायाची बैठक मी सांगतो, मेसेज करा. आमच्या इथल्या पोरांलेबी सांगीन, खांदा निखळला तं मैदानात ओढायचा नाही, झोळीत बांधून दवाखाना.

अस्थिरोग_नागपूर

काका, हे तुम्ही सांगितलंत तर पोरं आमच्यापेक्षा जास्त ऐकतील. मैदानात ओढताना हाड मोडलेलं असलं तर ते आणखी सरकतं, नस दुखावते. एक्स-रे आधी, बसवणं नंतर.

दारव्हेकर

नागपूरला सर्जनला फोन लागला. त्यांनी सांगितलं, आडवा ताण आणि बाहेरचा जोर पुढच्या तपासणीपर्यंत बंद. ताईंनी सांगितलं तेच. महिन्यातून दोनदा वर्ध्याकडे नेऊ, बाकी तालुक्याच्याच फिजिओकडे. त्यांना आता काय सांगू? ते चिडतील का?

फिजिओताई_वर्धा

कार्डाची झेरॉक्स द्या आणि आदराने म्हणा, सर, आत असं असं शिवलं आहे, पातं आणि पाठ हाताने पाहून द्याल का? त्यांनाही दिवसभरात भरपूर पेशंट असतात, कागद समोर आला की बहुतेक जण मनापासून करतात. दर भेटीला कोनमापकाने मोजून वहीत तारीख आणि अंश लिहून मागा: समोरून वर, बाजूने वर, बाहेर. ती वही नागपूरला आणि आमच्याकडे दोन्हीकडे आणायची. कोणी नवीन हात लावत असेल तर तो राज्याच्या फिजिओथेरपी परिषदेकडे नोंदलेला आहे का, तेही विचारा, त्यात संकोच नको.

आणि पेरणीत त्याला पाठीवरचा फवारणी पंप देऊ नका. १६ लिटर भरला की पाण्याचंच वजन १६ किलो, पट्टा नेमका त्याच खांद्यावर आणि एका हाताने दांडा सतत वरखाली. या हंगामात तर नाहीच.

मोर्शीवाली

धागा वाचून विचारते. माझं ऑपरेशन झालेलं नाही, पण खो-खोत सूर मारताना उजवा खांदा दोनदा निखळून आपोआप बसला. भरतीसाठी ४ किलोचा गोळा रोज फेकते. फेकल्यावर खांदा पुढे सरकल्यासारखा वाटतो. मॅन्युअल थेरपीने बसेल का?

फिजिओताई_वर्धा

ताई, गोळा आजपासून थांबव. आपोआप बसला तरी कड फाटलेली असू शकते, आणि सैल सांध्याला हाताने आणखी सैल करण्यात काही अर्थ नाही. तुला मोकळं करणारा हात नको, आधी तपासणी हवी. अमरावतीला हाडांच्या डॉक्टरांना दाखव, एक्स-रे आणि ते म्हणतील तर एमआरआय. तोवर धावणं चालू ठेव, ८०० मीटरचे गुण गोळ्यापेक्षा जास्त आहेत. रिपोर्ट आला की इथेच लिही, फोटो टाकताना नाव आणि नंबर झाकून टाक.